हलगी आणि रीळ एकाच घरात राहावीत म्हणून

मी, रत्नपाल बळीराम मेहकरे, वय ५४, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार हुलसूर, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, प्रकृती ठणठणीत आहे, कुणाचा दाब नाही. माझ्या मागं कुणी अंदाजानं वाटणी केलेली मला चालणार नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

एक. राहतं घर पत्नी मंगल हिचं. तिच्या हयातीत ते विकू नये. दुकान आणि हत्यारं पुतण्या सुगत याला. हत्यारं वापरून झाली की पुसून ठेवावीत. तो ठेवत नाही.

दोन. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, पडदा आणि रिळाचा डबा मुलगी पंचशीला हिला. रिळात अमेरिकेतल्या रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतला एक काळा गायक सूट घालून, गिटार घेऊन गातो आणि समोरची गोरी माणसं खुर्च्या सोडून नाचतात. डब्यावरची चिठ्ठी हैदराबादच्या जुन्या बाजारात मी डबा घेण्याआधीच गळून पडलेली होती. लोक गायकाची तीन नावं सुचवतात. पुराव्याशिवाय मी एकही लिहिणार नाही.

तीन. हलगीही पंचशीलाला. या कलमावर भांडण होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील बळीराम यांनी गावकीची हलगी वाजवली, दुसऱ्यांच्या दारात, उंबऱ्याबाहेर उभं राहून. धम्म घेतल्यावर ती खुंटीला टांगली. मला हात लावू दिला नाही.

मग एका जयंतीला मी विहारापुढं पडदा बांधला. रीळ सुरू झालं आणि प्रोजेक्टरचा आवाजाचा दिवा, म्हणजे रिळाच्या कडेवरचा आवाज वाचणारा छोटा दिवा, गेला. गायक नुसतंच तोंड हलवायला लागला. वडिलांनी ज्यांच्या दारात सगळ्यांत जास्त वाजवलं ते अंकुशराव बिरादार मागं उभे होते. म्हणाले, "रत्न्या, मुकं गाणं दाखवायलास व्हय?" लोक हसले.

वडील हसले नाहीत. पडद्याकडं बघत मला विचारलं, "ह्यो कुणाच्या दारात वाजवायलाय?"

"कुणाच्याच न्हाई, अप्पा. लोकंच ह्याच्या दारात आल्यात."

ते उठले, घरी गेले, हलगी घेऊन आले. कातडं ताणावं म्हणून जाळावर शेकली. गायकाच्या गुडघ्यावर नजर ठेवून ठेका धरला, तो शेवटपर्यंत सुटला नाही. पुढच्या साली मी दिवा बदलून मूळ आवाज लावला, तर मंडळी म्हणाली, "अण्णा, ते बंद कर. अप्पाला वाजवू दे." वडील वारल्यापासून पंचशीला वाजवते. ती त्यांच्याहून कडक वाजवते.

सुगत मला म्हणतो, "काका, ही गुलामीची खूण घरात कामून ठेवलाव?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की टांगली त्याच्या आजोबांनी आणि उतरवलीही त्यांनीच. म्हणून अट: हलगी मोडू नये, रिळापासून तोडू नये. हुकमानं कुणाच्या दारात वाजवू नये, मग सांगणारा कितीही मोठा असो. जयंतीला पडद्यापुढं, उजेडात वाजवावी.

चार. अंकुशराव दरसाल येतात, पण आमच्या खुर्चीवर बसत नाहीत, मागं उभे राहतात. आता त्यांचे गुडघे गेलेत. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांच्यासाठी राखावी. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात; पण खुर्ची बसण्यापुरती आहे, मालकी हक्क नाही, सबब त्यांच्या साक्षीला बाध येत नाही. वकिलाला विचारलेलं नाही, कायदा मी वाचलेला आहे.

हुलसूर, १२ जानेवारी २०२५
(सही) रत्नपाल बळीराम मेहकरे

साक्षीदार
१. (सही) गुरुबसव, शेजारी
२. (सही) अंकुशराव बिरादार. सही माझ्या घरात, खुर्चीवर बसून, चहा घेऊन केली. करण्याआधी त्यांनी विचारलं ते शब्द इथं नोंदवतो: "कुठं करू, रत्नपालराव?"