लंगडत मारलेला गोल

काका, तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला मिस्टर लावून आडनावानेच हाक मारायचो. सस्काटूनला तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो तेव्हा तुम्ही पंच्याहत्तरीला आलेले, एकटे, आणि मी नागपूरहून नुकताच येऊन खताला लागणाऱ्या पोटॅशच्या खाणीत लागलेला इंजिनियर. तरुणपणी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, तुम्ही इंग्लंडमध्ये पगारी फुटबॉलपटू होतात, हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. घरात त्याची एकही खूण नव्हती.

त्या हिवाळ्यात खाणीने मला लेऑफ दिला. मी खालीच पडून राहायला लागलो. घरी काय कळवायचं ते सुचत नव्हतं. एका सकाळी तुम्ही दार वाजवलंत, म्हणालात, गुडघा साथ देत नाही, ड्राइव्हवे शोव्हल करून देशील का? बर्फ काढून झाल्यावर मला स्वयंपाकघरात बसवलंत आणि बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, बोलायला लागलात.

तुम्ही पोरवयातच वडिलांबरोबर कोळशाच्या खाणीत उतरलात. खाणीच्या संघातला तुमचा खेळ बघून एका क्लबने तुम्हाला उचललं. उजव्या बाजूने तुम्ही असे पळायचात की गावात अनोळखी माणसं थांबवून हात मिळवायची. मग पावसातला तो सामना. चामड्याचा चेंडू भिजून जड झालेला, आणि तुमचा गुडघा मुरगळतो. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे. पट्टी बांधून तुम्हाला मैदानातच कडेला नुसतं उभं करतात. तुमच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि नेमका चेंडू तुमच्याकडे येतो. तुम्ही लंगडत पुढे जाता, त्याच पायाने मारता, गोल होतो. सगळं मैदान तुमचं नाव घेत असतं आणि तुम्हाला कळून चुकलेलं असतं की आपलं खेळणं संपलं. उन्हाळ्यात क्लबने तुम्हाला सोडून दिलं. मॅनेजर भेटलासुद्धा नाही. मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाकडून तुम्हाला ते समजलं.

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. वर्षभर आईच्या घरातून बाहेर पडलो नाही. कोणी दार वाजवलं नाही," तुम्ही म्हणालात. "आजपासून जेवायला वर येत जा."

मी येत गेलो. तुमचे उकडलेले बटाटे मीठमिरी टाकून खाल्ले, तुमच्याच टेबलावर बसून नोकऱ्यांना अप्लाय केलं. वसंतात दूर पूर्वेकडच्या किचनर शहरात काम मिळालं, तेव्हा बसपर्यंत सोडायला आलात. तुम्ही गेल्याचं मला शेजारच्या बाईंनी कळवलं, पण तोवर सगळं उरकलं होतं.

आता बायको राहिली नाही, मुलगी व्हँकुव्हरला. परवा इंटरनेटवर तुमचं नाव शोधलं. एका ओळीत क्लब, सामने आणि गोल. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दॅट्स सो कूल, बाबा," आणि लगेच ग्रोसरी आणली का ते विचारलं.

हे पत्र कुठे धाडणार? तुम्हाला तर मराठीचं अक्षरही येत नव्हतं. तरी एक सांगतो. शनिवारी सकाळी मी इंग्लंडमधला सामना लावतो. खेळ मला अजून कळत नाही, बघतही नाही. टीव्हीकडे पाठ करून भाजी चिरतो. घरात माणसांचा आवाज राहतो, एवढंच.