तिसऱ्या दिवशी लावलेलं तेल

धाकटे, तुला पोटभर माया.

आम्ही दोघं बरी आहोत. लेकाच्या टकलावर ऑपरेशनने केस लावून बारा दिवस झाले. दवाखान्याजवळच्या लॉजवर राहतोय, इथे त्याच्यासारखे आणखी पाच जण आहेत. सुजलेली तोंडं, लालबुंद डोकी. मी त्यांना माझे टोमॅटो म्हणते. दुखलं की "मावशी, बसा ना" म्हणतात. मग मी नकला करून हसवते.

तुझे गुडघे कसे आहेत?

एक सांगते, मनात ठेव. तिसऱ्या दिवशी लेक गोळी घेऊन गाढ झोपला होता. टाळू कोरडी दिसली, मला राहवेना. डॉक्टरांनी बोटही लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी जन्मभराच्या सवयीने तेल घेऊन चोळलं. लावलेले केस रक्तासकट माझ्या तळव्यावर आले गं. मी हात पदराला पुसला.

आता तिथे पू झालाय. डॉक्टर म्हणतात, तेवढ्या जागी केस धरणार नाहीत.

लेकाला वाटतं, झोपेत आपणच खाजवलं. काल सगळ्यांना म्हणाला, "माझ्यासारखं करू नका रे, आईकडून हात बांधून घेऊन झोपा." आणि सगळ्यांत आधी त्यानेच हात पुढे केले.

मी बांधले.

तुझीच,
थोरली