गाळलेल्या दीर्घिका

कुरुंद्याजवळचा तांडा,
९ नोव्हेंबर २०२५

हरिचंदभियास,
संगिताचा नमस्कार. इकडे ठीक आहे. हळद चांगली उभी आहे. याडीचा गुडघा दुखतो, पण चालते-फिरते. फोनवर तू ओरडतोस, म्हणून कागद घेतला.

दिवाळीत अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, "तुझा लेख मागं घे. बहीण हायेस का दुश्मन?"

मी विचारलं, "ते निकाल तू काहून गाळले?"

तू याडीकडे वळलास. "हिला माझं नाव झालेलं बघवत न्हाई." याडीला त्यातलं काय कळणार? आईच ती, तिनं लेकाचंच खरं धरलं.

तर आता लिहून विचारते. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे कण अतिशय हलके असतील तर ते लाटेसारखे वागतात, हे मला तूच शिकवलंस. लाट छोट्या जागेत दाबून बसत नाही, म्हणून छोट्या दीर्घिकांचा गाभा मऊ, पसरट राहतो. तू कणाचं वजन असं निवडलंस की हा गाभा दुर्बिणीतून मोजलेल्या गाभ्याशी बराबर जुळला. टाळ्या मिळाल्या.

मी वसमतला तास घेऊन उरलेल्या वेळात तेच वजन धरून गणितं चालवली. सगळ्यात लहान दीर्घिका तयारच झाल्या नाहीत. लाटेनं तिथं द्रव्य जमूच दिलं नाही. पण तशा दीर्घिका आकाशात आहेत, भिया! दुर्बिणीतून दिसतात. म्हणजे कण इतका हलका असू शकत नाही. हे निकाल तुला पाठवले, तर जुळणारे तेवढे छापलेस, बाकीचे गाळलेस. वर त्या लेखावर माझंही नाव घातलंस.

चूक कोणाचीही होते. तू लपवलंस.

माझा लेख मी मागे घेतलेला नाही. परवा तो स्वीकारला गेला. गाळलेला प्रत्येक निकाल त्यात आहे. तुझी नेमणूक अडेल म्हणालास. अडू दे.

एक लिहायचं नव्हतं. तू गेल्यापासून याडी माझ्या हातचं खात नाही. शेजारी जिवनबाईकडे जाऊन भाकर खाते. माझ्याशी एकच बोलते, "हरिचंद काही बोलला व्हय?" तू फोनवर ओरडतोस ते लपवून मी सांगते, कामात आहे. तुझ्यासाठी हे खोटं आजवर बोलले. उद्या तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. मग ती तुझी बाजू घेवो की माझी.

सहीच्या वर 'तुझी बहीण' लिहायचं, ते आज हातून उतरत नाही.

संगिता राठोड