लाँड्रीचं ॲप कशावर बनवावं

३ मार्च
ठरलं. बायकोच्या लाँड्रीचं ॲप मीच बनवणार. समोरच्या हॉटेलचा मॅनेजर हिला म्हणाला, चादरी धुऊन कधी येणार ते मोबाइलवर दिसलं तर वर्षभराचं काम तुमचं. महिनाअखेरीस येऊन बघतो. हिचा सगळा जीव त्या कामात अडकलाय. मी म्हटलं, पंधरा दिवस खूप झाले. प्रश्न एकच, अँड्रॉइड की आयफोन? संध्याकाळपर्यंत सोक्षमोक्ष.

४ मार्च
अँड्रॉइड. बहुतेकांकडे तेच असतं. विषय संपला.

दुपारी
मॅनेजरच्या हातात आयफोन दिसला. छे!

९ मार्च
आयफोनच. दर्जा तो दर्जा. पण त्यासाठी म्हणे त्याच कंपनीचा कॉम्प्युटर लागतो. हे आधी कोणी सांगायला नको? वैतागून मेहुण्याला फोन केला, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, भाऊजी, साधं वेब पेज करा, दोन्ही फोनवर उघडेल. रविवारी येऊन मीच करून देतो. साफ नाही म्हटलं. माझं पहिलं ॲप, आणि श्रेय याला?

१५ मार्च
एकदाच लिहा, दोन्ही फोनवर चालेल, अशी साधनं निघाली आहेत. एक नाही, तीन! आता तिन्हींचे व्हिडिओ बघणं आलं. ही इस्त्री करता करता म्हणाली, अहो, निदान एक बटण तरी दाखवा. पाया पक्का करणं म्हणजे काय, हे या घरात कुणाला कळत नाही. दार लावून, हेडफोन घालून बसतो.

२२ मार्च
पहिलं साधन इन्स्टॉल केलं. लॅपटॉप तापला, घरघरला, बंद पडला. चालू झाल्यावर वाचलं की ते साधन आता कुणी वापरत नाही. म्हणजे लॅपटॉपलाच अक्कल जास्त. चिडचिड झाली. जेवलो नाही. नंतर जेवलो.

३० मार्च
मॅनेजर उद्या येणार. लोगो तयार आहे: बादली आणि बुडबुडे. बुडबुड्यांचा निळा रंग काही केल्या जमत नव्हता, त्यात दिवस गेला. बाकीचं सकाळी उरकतो. प्लॅटफॉर्म एकदा ठरला की उरतंच काय?

३१ मार्च
मॅनेजर वेळेआधीच आला. मी लॅपटॉप चालू करेपर्यंत हिने स्वतःचा फोन पुढे केला. त्यात सगळ्या चादरी: किती आल्या, किती धुतल्या, कधी मिळणार. मेहुण्याने मागच्या रविवारी बाहेरच्या खोलीत बसून करून दिलं म्हणे. मी आत व्हिडिओ बघत होतो. मला का नाही सांगितलं, असं नंतर विचारलं, तर ही म्हणाली, दोनदा दार वाजवलं होतं.

काम मिळालं. आनंद व्हायला हवा होता. तेवढ्यात मॅनेजरचं लक्ष माझ्याकडे गेलं. हे कोण, म्हणाला. ही म्हणाली, आमचे मिस्टर. उद्यापासून चादरी पोचवायला हेच येतील.