बाबांना पटेल असा निबंध

सर, नेरच्या शाळेत आता तुमचाच विषय मी शिकवते. दहावीचं इंग्रजी. मुलं अजूनही गाईडमधला एकच निबंध पाठ करतात आणि वर्णन मागा, गोष्ट मागा, मत मागा, तोच उतरवतात. मी चिडते, मग आठवतं की आम्ही याहून वेगळे नव्हतो.

पाठ न केलेला माझा पहिला निबंध तुम्ही परत केला होता. विषय होता, मुलींनी शिकायला बाहेरगावी जावं का. बाबा 'दहावी पुरे' म्हणाले होते, आई चुलीपाशी भाकरी थापत राहिली होती, तेच सगळं मी मोडक्या इंग्रजीत रडत लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "पोरी, वाचून मले वाईट वाटलं. पण तुह्या बाबाले काहून पटावं हे? ही गोष्ट झाली. कारणं कुठी हायेत? आधी त्याईचं म्हणणं लिही, अन् चांगलं लिही, हलकं नको करू." असा राग आला होता तुमचा! पण बाबांची बाजू लिहायला बसले तेव्हा कळलं, त्यांना माझा भरवसा नव्हता असं नाही, त्यांना लोकांच्या तोंडाची भीती होती. मग त्या भीतीला उत्तरं शोधली. रविवारी सकाळी बाबा अंगणात तूर पाखडत होते, तिथे उभी राहून मराठीत सगळं वाचून दाखवलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाले, "यवतमाळचं होस्टेल पाहून येऊ."

माझ्या वर्गातल्या एका मुलीलाही यंदा घरून 'पुरे' म्हटलं होतं. तिच्याकडून मी तसाच निबंध लिहून घेतला, दोनदा परतही केला. काल तिचे वडील शाळेत आले. "मॅडम, पोरगी म्हने, तुमीच सांगतलं, पूरं आयकल्याबिगर मधात बोलाचं नाही. मंग आयकलं. ते होस्टेल कसं हाय?" मी असं काही सांगितलं नव्हतं. तरी 'हो' म्हटलं आणि होस्टेलचा पत्ता लिहून दिला. दिवसभर आनंदात होते.

सर, हे पत्र वहीतच राहील, म्हणून कबूल करते. बाबांनाही मी खोटंच तुमचं नाव घेऊन नेमकं हेच सांगितलं होतं, पूर्ण ऐकल्याशिवाय मधे बोलायचं नाही म्हणून. पुढे बाजारात त्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही 'हो, मीच सांगतलं' म्हणालात. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही विसरभोळे आहात.