सगळ्याचाच पीस

५ जानेवारी, इस्लामपूर
अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि यांच्या तोंडात एकच शब्द उरला: पीस. संत्र्याची फोड, पीस. गुळाचा खडा, पीस. मी लसूण सोलत होते, पाकळीकडे बोट दाखवून: पीस. मराठीत तुकड्यातुकड्याला वेगळं नाव आहे, आणि आमच्या या सुभेदारसाहेबांनी वाचवून आणला काय, तर ब्लाऊजपीसमधला पीस!

७ जाने.
सांगलीला स्पीच थेरपी. बाई लेकीच्या वयाची. "काकू, चुकलं म्हणू नका. येतोय तो शब्द येऊ द्या." मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, चूक दिसली की तांबडी शाई. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, सल्ला मोजता येत नाही, म्हणून पीस ऑफ ॲडव्हाइस. इंग्रजांचं सगळंच पीसवर भागतं. खडसावायचं झालं तरी मनाचा पीसच देतात, पीस ऑफ माइंड. तोही बाईंना दिला. हसली. उद्धट.

१० जाने.
बाईंचं ऐकलं नाही. फोड, खडा, पाकळी, तासभर घोकून घेतलं. यांनी ताट सारलं. नंतर दिवसभर पीससुद्धा नाही.

११ जाने.
आजही गप्प. कडेगावहून धाकट्या वन्सं आल्या. आल्या आल्या मला: "आवं वैनी, दादा रिटायर झालाय न्हवं? कवायत कसली करून घेताय!" मग यांच्याशेजारी बसून, "दादा, मला बी येक पीस दे की." यांनी संत्र्याची फोड दिली. "पीस."
एका चुकीच्या शब्दाने माझे डोळे भरावेत!

१९ जाने.
हल्ली मीही पीस म्हणते. वन्संनी ऊस पाठवलाय. सोलून पुढे केला, "घ्या, उसाचा पीस." यांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या रिक्रूटाकडे पाहावं तसं.
"कांडं!"
वन्संना फोन. "व्हय? कांडं म्हनला? उसाला पीस म्हटल्यावर मेलेला बी उठंल की!"

२३ जाने.
कौतुक चार दिवस. आता गोळी, कांडं. साबण, कांडं. ब्लाऊजपीससुद्धा कांडं. थेरपीच्या बाई फोनवर टाळ्या वाजवतात. मी नाही वाजवत. (एकदा वाजवली.)

३० जाने.
दुपारचं जेवण. यांची भाकरी संपली. हात पुढे केला. "पी..." थांबले. मान हलवली. "न्हाई."
"कां..." पुन्हा, "न्हाई."
चूक त्यांची त्यांना कळली! मी सांगितली नाही.
आता ओठ जुळवतायत. "च..."
चतकोर. माझ्या जिभेवर आहे. बोलून जाईन म्हणून ही वही ओढून घेतली. भाजी गार होतेय. होऊ दे.
"च... च..."