चुनखडीवरचा नेचा

३ फेब्रुवारी
आलो एकदाच्या! काचघराला लागून दोन खोल्या, नळाला भरपूर पाणी आणि काम एकच: चुनखडीच्या भिंतीवर वाढणाऱ्या नेच्याची निगा. माझी छकुली तर नुसती नाचतेय. जुन्या माळीकाकांनी सगळं समजावलं. याला माती नको, ऊन नको, सकाळ-संध्याकाळ फवारा पुरे. मुळं दगडाच्या फटीत शिरतात आणि चुन्यावर पोसतात. काका तोंडावर रुमाल धरूनच बोलतात. सर्दी असावी.

५ फेब्रुवारी
पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. कीड! घाण माझ्याच्याने बघवत नाही. आम्ही मायलेकींनी कोरडं फडकं घेऊन पान न् पान लख्ख पुसलं. इतकी धूळ उडाली की छकुली शिंकून शिंकून बेजार झाली. मला मेलीला हसू आवरेना.

६ फेब्रुवारी
काकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अहो बाई, ती कीड नव्हे, त्याचं बी आहे. कोरड्या हाताने कुणी शिवत नाही त्याला. मग विचारलं, पोर जवळ होती का? मी हो म्हटलं. त्यांचा रुमाल खाली आला. तोंडात एकही दात नव्हता.

९ फेब्रुवारी
काका न सांगता काम सोडून गेले. छकुलीला जेवण नको, फक्त पाणी हवं. आज तिचा दुधाचा दात पडला. त्याच्या बुडाशी हिरवा, केसाएवढा कोंब होता. भाजी अडकली असेल, असं मी तिला सांगितलं.

१२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, मलम लावा. मलम लावतेय. पण हाडांतही चुनाच असतो ना? मला भीती वाटतेय. फार वाटतेय.

१४ फेब्रुवारी
फवारा सुरू झाला की भिंतीपाशी जाते, तोंड उघडून उभी राहते. उन्हात नेलं की रडते. एक कोंब चिमटीत धरून ओढला — केवढ्याने किंचाळली — कोंबाबरोबर दाढेचा तुकडा आला —

१५ फेब्रुवारी
मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. गाडी दारात आहे. पण ती भिंतीला टेकून बसलीय, उठत नाही. पाठ आणि दगड — मधे बोटही शिरत नाही. फ्रॉकमधून मुळं — म्हणते, आई, ओढू नकोस गं, मी तुटेन. गाडीवाला आत आलाय. म्हणतोय, त्यात काय, एका हिसक्यात उचलतो. नको, आधी त्याला —